स्वारगेटला एकट्याने

किस्से बोलवावे लागत नाहीत. विश्रांतवाडीच्या आमच्या वर्गात तर त्यांना बसायला सतरंजी कमी पडते! बौद्धिक वाढ धीमी असलेल्या प्रौढांना येथे चहा, भाजी, फोन, बस अशी रोजची कामे शिकवतात. ‘नीट बोलावे कसे’ हा विषय मी आपणहून घेतला आहे.

मंदार छत्तीस वर्षांचा. त्याच्या आईने, मालतीबाईंनी, पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतले. “काका, याला स्वारगेटच्या कार्यशाळेत काम मिळतंय. पण एकट्याला जाता आलं पाहिजे. माझे पाय किती दिवस पुरणार?”

सुरुवात चहाने झाली. शिक्षिका मेधाताई म्हणाल्या, “मंदार, चहा ठेव.” बऱ्याच वेळाने त्यांनी चौकशी केली, तेव्हा मंदारने फडताळाकडे बोट दाखवले. डबा जागेवर होता. “ठेवला.”

ताईंनी मला विचारले, चूक कोणाची? मी म्हणालो, मराठीची.

मग मेथी. दोन जुड्या पुढ्यात ठेवून ताईंनी ‘मेथी निवड’ असे सांगितले. मंदारने दोन्ही न्याहाळल्या, विचार केला आणि एक उचलली. “ही.”

फोनचा सराव माझ्याकडे. शेजारच्या खोलीतून मी फोन लावला आणि रीतीप्रमाणे विचारले, “कोण बोलतंय?”

“तुम्ही.”

व्याकरणदृष्ट्या मला दोष काढता आला नाही.

बसची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. पहिल्या खेपेला ताई सोबत होत्या. वाहक गर्दीला सवयीने म्हणाला, “पुढे चला, पुढे चला!” मंदार पुढे चालला, येरवड्याला पुढच्या दाराने उतरला आणि रस्त्यावरही पुढेच चालत राहिला. ताईंनी धावत जाऊन त्याला गाठले.

मालतीबाई म्हणाल्या, आता पुरे, मीच नेत जाईन. ताईंनी ऐकले नाही. वर्गात खुर्च्यांची बस मांडली, मला वाहक केले. ‘पुढे चला’ म्हणजे नेमके कुठवर, हे शिकवताना माझा घसा बसला.

अखेर गेल्या सोमवारी मंदार एकटा निघाला. मालतीबाईंना राहवेना. डोक्यावरून पदर ओढून त्या त्याच बसमध्ये मागच्या दाराने चढल्या आणि शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसल्या. पुढचे त्यांनीच आम्हांला सांगितले.

वाहक त्यांच्यापाशी आला, वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “आजी, स्वारगेट ना? पुढं बसलेत त्या साहेबांनी सांगून ठेवलंय. म्हणाले, ‘मागे आई आहे. तिला एकटीला जायची सवय नाही. स्वारगेट आलं की तिला सांगा.’”