लॉबस्टरच्या संध्याकाळी कळलेलं लग्न

कोल्हापूर स्टेशनवर सकाळची मुंबईची गाडी लागली होती आणि आम्ही चौघं एकाच बाकड्यावर दाटीवाटीनं बसलो होतो. कुरुंदवाडहून पहिल्या एसटीनं आलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात क्लार्क आहेत. त्यांनी रजा टाकली होती. आई पिशवीतलं भडंग चेपून कांदा-लसूण चटणीच्या बरणीला जागा करत होती. धाकटी रेश्मा माझा दंड धरून बसली होती. गाडी सुटायच्या आधी अण्णा मला जरा बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "बोटीवर हाय म्हणून कुणाला बोलायचं न्हाय. दुबईत हॉटेलच्या हाफिसात हाय म्हणून मी सांगतो. पोरीच्या जातीचं हाय, लोक कायबी जोडत्यात."

मी मान हलवली. मला त्यात माया दिसली. आपली मुलगी समुद्रावर परक्या लोकांना जेवण वाढणार, दारूचे ग्लास उचलणार, हे गावाच्या तोंडी जाऊ नये म्हणून बाप धडपडतोय असं वाटलं. आज मागं बघते तेव्हा वाटतं, त्या लपवण्यात माझाही हात होता. खोट्याची पहिली वीट मीच धरून दिली.

कोल्हापुरात हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या आमच्या वर्गातून बोटीची मुलाखत पास झालेली मी एकटीच मुलगी. मुंबईत मेडिकल झालं, आग लागली तर काय करायचं याचं ट्रेनिंग झालं आणि विमानानं बार्सिलोनाला पोचले. तिथं धक्क्याला लागलेलं जहाज पाहिलं तेव्हा ते जहाज आहे हेच कळेना. आपल्या तालुक्याच्या गावातली सगळी घरं एकावर एक रचली तर जेवढी उंची होईल, तेवढं ते होतं. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. वरच्या बंकवर मी आणि खालच्या बंकवर गोव्याची लिडिया. ती घरी कोंकणी बोलायची, माझ्याशी हिंदी, आणि रागावली की इंग्रजी.

तुमच्यापैकी जे बाहेर पडले आहेत त्यांना सांगायला नको, पण जे घरीच राहिले त्यांच्यासाठी सांगते. जहाजावर चढलेला पाहुणा आपली खोली बघतो, लाइफ जॅकेटचा सराव उरकतो आणि डायनिंग रूममध्ये येऊन विचारतो, लॉबस्टर कधी आहे? सात दिवसांच्या सफरीत ती एकच संध्याकाळ असायची. सगळे ठेवणीतले कपडे घालून यायचे. काही म्हातारे पाहुणे दरवर्षी येणारे. पूर्वी दोन वेळा मिळायचं, आता एकदाच, याची तक्रार ते माझ्याकडे अशी करायचे, जणू मीच ते कापलं होतं. काहींना एखाद्या संध्याकाळी बोटीवरच्या दुसऱ्या हॉटेलात जेवायचं असायचं, ती नेमकी हीच नाही ना याची ते परत परत विचारून खात्री करून घ्यायचे.

आमचा हेड वेटर मालवणकडचा. तो त्याला शेवंड म्हणायचा आणि आपल्याकडच्या शेवंडीपुढं हे काहीच नाही असं दर आठवड्याला सांगायचा. त्यानंच मला शिकवलं: एका हातात चमचा, दुसऱ्यात काटा, कवचाखाली चमचा सरकवायचा आणि शेपटीचं मांस एका ओढीत अख्खं बाहेर काढायचं. तुटलं तर पाहुण्याचं तोंड पडतं. बाजूला वितळलेलं लोणी, लिंबाची फोड. पहिल्या महिन्यात माझी बोटं कवचानं सोलवटली. चौथ्या महिन्यापर्यंत मी न बघता काढायला लागले. हे हाताला बसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? घरी फोन केला की आई विचारायची, "हाफिसात एसी असतोय न्हवं?" शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं, हे मला तेवढ्यावरूनच कळायचं.

सहावा महिना चालू होता. रेश्मानं व्हिडिओ कॉल केला. तिच्या मैत्रिणीचं लग्न आहे, मैत्रिणीला साडी ठरत नाही, तू सांग म्हणाली. तिनं एकेक साडी खांद्यावर टाकून दाखवली. एक लाल, एक मोरपंखी, एक गर्द हिरवी, सोनेरी बुट्ट्यांची. मी हिरवी म्हणाले. तिनं विचारलं, नक्की? मी म्हटलं, डोळे झाकून घे. ती हसली आणि लगेच फोन ठेवला. पुढचे दहा-बारा दिवस घरचा फोन लागेना. लागला की आई म्हणायची, लाईट नाही, नेट येत नाही, मागनं बोलू. मीही डबल शिफ्टमध्ये होते. फार विचार केला नाही.

त्यानंतरच्या महिन्यात भारतातला एक टूर ग्रुप जहाजावर आला. त्यातलं एक टेबल माझ्याकडं होतं. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांचा कागलच्या एमआयडीसीत छोटा कारखाना होता, पण हे मला नंतर समजलं. पहिले तीन दिवस आम्ही इंग्रजी-हिंदीत बोललो. माझ्या छातीवरच्या पाटीवर नुसतं वैशाली आणि खाली इंडिया, एवढंच असायचं. गृहस्थ रोज विचारायचे, ते लॉबस्टर कुठल्या दिवशी? ग्रुपच्या बाकीच्यांनी शाकाहारी जेवण सांगितलं होतं, यांनी मात्र ठरवून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी काकूंच्या हातून काटा खाली पडला. त्या वाकायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या, मी दुसरा आणतो."

कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात हे तुम्हाला माहीत आहे. लिहिताना मी ‘आणते’ लिहीन, बोलताना ‘आणतो’च येतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "कोल्हापूरची हाईस व्हय गं तू?" मी ‘व्हय की’ म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी समोरासमोर आपल्या बोलीत हाक मारली होती. मी दोघांच्या ताटल्या आणल्या, काकांची शेपटी अख्खी काढून दिली, आणि काकूंच्या ताटलीला हात घातला तेवढ्यात त्यांनी फोन काढला. आपल्या माणसाला दाखवावं तशा त्या फोटो दाखवायला लागल्या. "आमच्या भाच्याचं लगीन झालं गेल्या महिन्यात. पोरगी कुरुंदवाडची केली. बघ की."

फोटोत रेश्मा होती. कपाळाला मुंडावळ्या. अंगावर ती गर्द हिरवी साडी, सोनेरी बुट्ट्यांची. तिच्या एका बाजूला अण्णा फेटा बांधून, दुसऱ्या बाजूला आई.

मी चमचा आणि काटा हातात धरून उभी होते. काकू पुढं सांगत होत्या. माणसं साधी आहेत, वडील शाळेत असतात. "थोरली दुबईला दिलीया. तिकडंच कोर्टात लगीन झालं म्हणं, पोरगा साताऱ्याकडचा. आता दिवस गेल्यात तिला, म्हणून येता आलं न्हाय. आई लई रडली बघ बिचारी, थोरलीच्या आठवणीनं."

मग त्यांनी फोटोकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुझ्यासारखीच दिसती की गं थोडी. तू कुठल्या गावची?"

या क्षणाचा मी नंतर इतक्यांदा विचार केला आहे. एका वाक्यात सगळं उघडं पाडता आलं असतं. नवऱ्या मुलाचे सख्खे मामा-मामी समोर बसलेले होते. पण रेश्माचं तोंड त्या फोटोत इतकं खुललेलं होतं, की माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हणाले, "जोतिबाच्या पायथ्याची." काकूंनी तिथल्या तिथं कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. मी त्यांची शेपटी काढायला घेतली आणि ती मधोमध तुटली. बदलून आणतो म्हणाले तर काकू म्हणाल्या, राहू दे, पोटात जाऊन तुटायचीच हाय.

माझ्या लग्नाची, माझ्या नवऱ्याची आणि माझ्या पोटातल्या बाळाची बातमी मला अशी मिळाली. मी दोघांना लोणी वाढलं. काकांनी दुसरं लॉबस्टर मागितलं, तेही आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज नेपल्सला लागलं. दोन तासांची सुट्टी होती. धक्क्यावरच्या एका कठड्यावर बसून मी अण्णांना फोन लावला. रेश्माच्या लग्नाला मला का बोलावलं नाही, विचारलं. त्यांनी उलट एवढंच विचारलं, कुणी सांगितलं? मी सांगितलं.

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस," ते म्हणाले.

"व्हय, आलो असतो."

"मग."

एवढंच. त्या एका ‘मग’मध्ये सगळं आलं. मी आले असते तर बिनलग्नाची थोरली मांडवात उभी राहिली असती, कुणीतरी काय करतीस विचारलं असतं आणि मी खरं सांगितलं असतं. अण्णा बाकीचं समजावून सांगत राहिले. स्थळ चांगलं होतं, थोरलीचं का झालं नाही असा प्रश्न आला होता, एकदा बोलून गेलं आणि मग मागं फिरता येईना. मला त्यात एकच गोष्ट ऐकू येत होती. मी तिथं नसणं त्यांना सोयीचं पडलं होतं. मी घर सोडलं ते परत यायचं धरून. त्यांनी माझी जागा तोवर दुसऱ्या एका वैशालीला देऊन टाकली होती, दुबईतल्या, सुखी, पोटुशी वैशालीला. ती कधी घरी येणार नव्हती, म्हणून ती त्यांना चालत होती.

रेश्माचा फोन मी आठवडाभर घेतला नाही. घेतला तेव्हा ती आधी रडली. मी विचारलं, मैत्रिणीचं नाव कशाला घेतलंस? ती म्हणाली, "ताई, तू न्हाईस तर निदान तुझ्या पसंतीचं अंगावर असावं, म्हणून." ते प्रेम होतं हे मला कळतं. पण माझ्या डोळ्यांत बघून, साडी खांद्यावर टाकून, ती हसत खोटं बोलली होती, हेही मला कळतं. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

एक मात्र तिनं केलं. महिन्याभरानं तिनं नवऱ्याला आणि सासूला सगळं खरं सांगितलं. घर डोक्यावर घेतील या भीतीनं तिनं आधी बॅग भरून ठेवली होती. सासू भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगायचं की मग आधी. त्यात काय एवढं." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. जे मोडेल म्हणून मला सगळ्यांनी मिळून वगळलं, ते मोडणारच नव्हतं. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला.

करार संपवून मी कुरुंदवाडला गेले. आता लपवायला काही उरलं नाही, जे झालं ते झालं, दोन महिने आईच्या हातचं खाऊ, असं मनाशी म्हणत गेले होते. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेल्या काकू. म्हणाल्या, "आलीस व्हय दुबईसनं? जावई कुठं हाईत?" मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "त्यास्नी सुट्टी न्हाय मिळाली. लई काम असतंय तिकडं."

रेश्माच्या सासरी कळून चुकलं होतं. आता कुणाचं काही अडत नव्हतं. तरी आईनं मला दारात उभी ठेवून, माझ्यासमोर, त्या दुसऱ्या मुलीची बाजू घेतली. बोटीवर झालं त्या सगळ्यापेक्षा हे मला जास्त लागलं. आत गेल्यावर मी विचारलं, असं का बोललीस? तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "आता पुन्यांदा काय सांगत बसायचं. सवय झालीया लोकांना."

तिसऱ्या दिवशी मी कोल्हापुरात आले. राजारामपुरीत एका बाईंच्या घरात मागची खोली घेतली. दर सुट्टीला आता तिथंच उतरते. रेश्मा स्कूटरवरून येते, आम्ही दोघी मिळून रस्सा करतो, भांडतो, पुन्हा जेवायला बसतो. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं काय करतीस म्हणून. मी सांगितलं, बोटीवर वेटर आहे, लोकांना लॉबस्टर सोलून देते. त्यांनी विचारलं, चवीला कसं लागतंय ते? मी सांगितलं, अजून खाल्लं नाही. खरं सांगणं ही इतकी साधी गोष्ट आहे. त्या खोलीत दुसरी वैशाली राहत नाही.

बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याही घरी तुमच्या नावाची एखादी बरी आवृत्ती नांदत असेल. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही ती कुठल्या भीतीनं उभी केली असेल हेही मला समजतं. पण तिच्याशेजारी मला झोपता येत नाही.

आईला मी एकच सांगून ठेवलं आहे. ज्या दिवशी तू शेजारच्या काकूंना स्वतःच्या तोंडानं सांगशील की माझी वैशाली बोटीवर ताटं वाढते आणि तिचं लग्न झालेलं नाही, त्या दिवशी फोन कर. मी मिळेल त्या गाडीनं घरी येतो.

फोन रोज येतो. जेवलीस का विचारते, हवा कशी आहे विचारते, अण्णांच्या गुडघ्याचं सांगते. मी ऐकत राहते. मग ती जरा थांबते, मीही थांबते, आणि ती म्हणते, बरं, ठेवतो.