वाघोबाची नवी जागा

नव्वद सालच्या आसपास काशीगावच्या मागच्या डोंगरात एक दगडखाण होती, तिथे एक मुकादम होता. आम्ही 'जंगल वाचवा'ची पत्रकं घेऊन गेलो की तो पत्रक दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "बसा दादा, चहा घ्या. तुमचं बरोबर हाय." ते 'बरोबर हाय' ऐकून माझं डोकं फिरायचं.

खाणीच्या वरच्या अंगाला शेंदूर फासलेला एक दगड होता, वाघोबा. त्याच्यापलीकडचं जंगल बिबट्याचं आणि सांबरांचं. तिथे खाणीत कामाला येणारे गावकरी कुऱ्हाडसुद्धा नेत नसत, मग सुरुंग कुठले लावणार? आमच्या पत्रकांना कुणी भीत नव्हतं. त्या दगडाला सगळे भीत होते.

एका सकाळी गेलो, तर मुकादम अनवाणी उभा. त्याने वाघोबापुढे नारळ फोडला, हात जोडून परवानगी मागितली आणि चौघांकडून दगड उचलून पार डोंगराच्या माथ्याजवळ नेऊन बसवला. कामगार भक्तिभावाने पाया पडले. दुपारी देवाच्या रिकाम्या जागेच्या वर सुरुंगाची भोकं पडू लागली.

"देवाला फसवताय?" मी ओरडलो.

"फसवतोय कुठं? इचारून नेला ना. तो काय न्हाय म्हनला न्हाय."

"आणि बिबट्याला विचारलंत?"

त्याने खोबऱ्याचे तुकडे आमच्याच पत्रकात बांधून माझ्या हातावर ठेवले. "परसाद हाय, दादा."

"माथाही फोडून झाल्यावर देव कुठे नेणार?"

त्याने मान वर करून डोंगर नीट न्याहाळला.

"पल्याड उतार हाय की."