चार मिनिटं थांबणे

त्या संस्थेत कुणाचाही संगणक अडला की एकच उत्तर मिळायचं, "बंद करून चालू करा." उत्तर देणारा माणूसही गेली एकोणीस वर्षं एकच. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना बंदचालूकाका म्हणत आणि समोर नुसतं काका. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा राग नव्हता. शंभरातल्या नव्वद वेळा बंद करून चालू केलं की खरंच चालतं, त्याला मी काय करू, असं ते म्हणायचे.

संस्था छोटी. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांच्या घरी पोचवायची, हे तिचं काम. इमारतीचा एक मजला, ध्वनिमुद्रणाच्या दोन बंद खोल्या, बावीस माणसं, आणि पॅसेजच्या टोकाला एका थंडगार खोलीत लोखंडी कपाट. आजवर वाचलेली सगळी पुस्तकं त्या कपाटात होती. वर दोन सर्व्हर, खाली साठवणीचा एक जड डबा, आणि मधे वायरींचं असं जंजाळ की त्यात हात घालायची हिंमत काकांशिवाय कुणी करत नसे.

कपाटाचं आणि काकांचं चांगलंच गूळपीठ होतं. वीज गेली की सगळं बंद पडे, आणि वीज आल्यावर ते चालू करायचा एक क्रम होता. आधी खालचा डबा. मग चार मिनिटं थांबायचं, म्हणजे डबा नीट जागा होतो. मग डावा सर्व्हर, मग उजवा. मधली चार मिनिटं कुणी गाळली तर सर्व्हरना साठवण सापडायची नाही आणि सगळं असं रुसून बसायचं की समजूत काढायला अर्धा दिवस जायचा. त्यामुळे काकांना लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त रजा कधी मिळाली नाही. मिळाली नाही असं ते म्हणत. बायकोचं म्हणणं जरा वेगळं होतं. "माझ्या डोक्यात काय चाललंय ते यांना इतक्या वर्षांत कळलं नाही, पण त्या डब्याला शिंक आली तरी घरबसल्या कळतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. ज्या कंपनीचा डबा होता तिनं कळवलं की वर्षअखेरीनंतर त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत. आणि दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब राहणाऱ्या लेकीचा फोन आला, की तिला पाचवा महिना लागलाय. आईला ती म्हणाली, बाळंतपणाला तू तीन महिने ये, तुझ्याशिवाय माझं होणार नाही. मग फोन काकांकडे आला.

"बाबा, तुम्ही आठवडाभर या जमलं तर," ती म्हणाली. "नाही जमलं तरी चालेल."

ती हे रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मायेनं बोलली, आणि तेच काकांना लागलं. बापाशिवाय चालवून घ्यायची पोरीला सवय झाली होती, आणि ती सवय लावणारा कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वी लेकीचा पदवीदान समारंभ होता. जाताना काकांनी कपाटाच्या दारावर सूचनांचा कागद चिकटवला होता, चालू करायच्या क्रमाचा. नेमकी त्याच दिवशी वीज गेली, ऑफिसमधल्यांनी कागद वाचून सगळं चालू केलं आणि सगळं ठप्प झालं. काका भर कार्यक्रमातून उठून आले. लेकीचं नाव पुकारलं तेव्हा ते रिक्षात होते. कपाटापाशी पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं, की साधा कागद वाचून काम करता येत नाही का. पण कागदावर चार मिनिटं नव्हतीच. लिहायची राहिली, असं ते स्वतःला सांगत आले होते. मात्र दाढी करताना आरशात समोरासमोर गाठ पडली की ते त्यांचं त्यांनाच पटायचं नाही.

संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणत, स्वतः दृष्टिहीन. सरांनी काकांना बोलावून सांगितलं, की नवीन काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मला फक्त कारण सांगा. काकांनी आधी चार पानांचं टिपण लिहिलं, त्याचं सार एवढंच, की जुनं होतं तसंच नवं घ्यावं. दोन सर्व्हर, एक डबा. आपण ओळखतो, सवयीचं आहे. टिपण सगळ्या बाजूंनी बिनतोड होतं. लेकीच्या फोननंतर त्यांनी ते पुन्हा वाचलं, तेव्हा त्यांना चारही पानांवर एकच ओळ दिसली, की मला इथून हलवू नका. त्यांनी टिपण फाडलं आणि दुसऱ्या दिवसापासून नव्यानं शोध सुरू केला.

सगळं इंटरनेटवरून भाड्यानं घ्यावं तर पुस्तकांच्या फाइली अजस्र, आणि इमारतीत येणारी लाइन सुताएवढी. एक कादंबरी वर चढवायला दुपार जायची. राहता राहिली एक नवी तऱ्हा, जिचं नाव हायपरकन्व्हर्ज्ड. सरांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा नाद सोडला आणि साधं कळेल असं सांगा म्हणाले.

काकांनी सांगितलं. जुन्या पद्धतीत डोकं चालवणारी यंत्रं वेगळी आणि आठवण ठेवणारा डबा वेगळा. तो एकटा डबा बसला की सगळं बसलं. नव्या पद्धतीत एकसारखे तीन डबे. प्रत्येकाला डोकंही आहे आणि आठवणही. प्रत्येक पुस्तकाची प्रत दोन डब्यांत राहते, आणि एक डबा आजारी पडला तर उरलेले दोघं त्याचं काम वाटून घेतात. चालू करायचा क्रमही ते आपापसांत ठरवतात.

"म्हणजे तीन जावा, आणि तिघींनाही सगळा स्वयंपाक येतो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. या बाई काकांच्याच वयाच्या, संस्थेत त्यांच्याही आधीपासून होत्या आणि त्यांना भाऊ म्हणत. सरांनी विचारलं, दोनच डबे घेऊन भागणार नाही का. काका म्हणाले, दोघांचा एकमेकांशी संपर्क तुटला तर दोघंही मीच खरा म्हणून बसतात, कुणाचं ऐकायचं ते सांगायला तिसरं कुणीतरी लागतं. हे बाईंना इतकं पटलं की त्यांनी आपल्या दोन भावांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. ते सरांना थांबवावं लागलं.

दोन कंपन्या प्रात्यक्षिक दाखवायला येणार होत्या. त्यांना काकांनी एक अट घातली, आणि ती ऐकून सगळेच चक्रावले. प्रात्यक्षिक चालू असताना काका खोलीत नसणार. जे दाखवायचं ते ग्रंथपालबाईंना दाखवा. कळलं तर त्यांना कळलं पाहिजे.

पहिल्या कंपनीचे तिघं आले, टायबिय लावून. त्यांनी ऐंशी रंगीत चित्रं पडद्यावर दाखवली, आणि सरांना दिसत नाही हे त्यांच्या लक्षात यायला पंचवीस चित्रं लागली. पंचविसाव्याला सरांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या रंगाचं आहे?" त्यांनी बावीस माणसांच्या संस्थेला सहा डबे सुचवले. बाईंनी विचारलं, की उद्या तुमच्याशी पटलं नाही तर आमची पुस्तकं तुमच्या डब्यांतून बाहेर कशी काढायची? अशी वेळच येणार नाही, असं उत्तर आलं. एक डबा बंद पडला तर काम किती वेळ थांबेल, यावर एक क्षणही नाही. मग आत्ता एक बंद करून दाखवा म्हटल्यावर ते म्हणाले, त्यासाठी तुमचा तांत्रिक माणूस हजर हवा. तांत्रिक माणूस बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसून नखं खात होता.

दुसऱ्या कंपनीकडून एकटी एक इंजिनिअर आली, तीन डबे गाडीत घालून. प्रात्यक्षिकाच्या दोन दिवस आधीच तिनं ते जोडून दिले होते आणि एका मुद्रणखोलीचं काम त्यांच्यावर चालू करून दिलं होतं. पुस्तकं बाहेर कशी काढायची ते तिनं एक पुस्तक काढूनच दाखवलं. वेळ किती जाईल यावर ती म्हणाली, "दीड-दोन मिनिटं थांबेल. अजिबात थांबणार नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. कुठला डबा काढायचा ते तुम्हीच ठरवा."

बाई कसल्या मागे हटतात. पलीकडे मुद्रणखोलीत एक निवृत्त शिक्षक एका रहस्यकथेचा शेवट वाचत होते. ते ज्या डब्याच्या भरवशावर वाचत होते, बाईंनी नेमकी त्याचीच वायर उपटली.

बाकावर बसलेल्या काकांना आतल्या डब्यांच्या पंख्यांचा आवाज बदललेला कळला. ते उठले, दारापाशी गेले आणि हात कडीवर ठेवून उभे राहिले. आत काही बिनसलं असेल तर आपण दोन मिनिटांत सावरू, नाहीतर बाईंना काय जमणार आहे, असं सगळं एकदम मनात येऊन गेलं. बिनसलेलं असावं अशी थोडी इच्छाही होती, आणि त्या इच्छेची त्यांना लाज वाटली. त्यांनी कडी उघडली नाही. मुद्रणखोलीतल्या शिक्षकांनी पडदा थिजलेला पाहून पाणी प्यायलं, चष्मा पुसला, आणि पडदा परत आल्यावर खुनी कोण ते वाचून टाकलं. घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद झाली होती.

इंजिनिअर गेल्यावर बाई पॅसेजमध्ये आल्या आणि बाकावर शेजारी बसल्या. डबे चांगले आहेत, मुलगी खरं बोलते, हेच घेऊ या, असं त्यांनी सांगून टाकलं. मग विचारलं, तुम्ही आत का नाही बसलात?

काकांनी मग सगळं सांगितलं, पाच वर्षं पोटात ठेवलेलं. कागदावर चार मिनिटं नव्हती. चूक ऑफिसची नव्हती. आपण आत बसलो असतो तर आजही काहीतरी हातचं राखलं असतं, याची त्यांना भीती होती.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही डबा चालू केलात आणि घड्याळाकडे बघत उभे राहिलात. मीही बघत होते. चार मिनिटं झाली. तुम्ही गेल्यावर मी कागदावर पेनानं लिहून टाकलं."

काका उठून कपाटापाशी गेले. दारावरचा कागद पिवळा पडला होता. छापील पहिल्या आणि दुसऱ्या सूचनेच्या मधे बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, चार मिनिटं थांबणे. गेली पाच वर्षं रोज ते दार उघडत होते. स्वतःच लिहिलेला कागद कोण वाचतो?

"मग वीज गेली की मला सुट्टीच्या दिवशीही बोलावून का घेत होतात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला बरं वाटायचं, भाऊ."

यावर रागावावं की हसावं हे काकांना कळेना. आधी कान तापले, मग हसू आलं, आणि मग एकामागून एक हुकलेल्या सुट्ट्या आठवायला लागल्या तेव्हा हसू थांबलं. बाईंचा दोष नव्हता. कुणी बोलावलं की बरं वाटणारा माणूस बोलावणाऱ्यालाही लगेच ओळखू येतो.

तीन डबे आले. पुस्तकं नव्या जागी हलवायला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत काकांनी बाईंना काहीही हातचं न राखता शिकवलं. सरांकडे त्यांनी दोन महिन्यांची रजा मागितली. सर म्हणाले, अर्ज पुन्हा एकदा वाचून दाखवा, माझा कानांवर विश्वास बसत नाही. लेकीला मात्र त्यांनी किती दिवस राहणार ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

नात झाली. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते आणि नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. बायको बाजारात गेली होती. लेक समोर बाळाचे कपडे घडी घालत होती. रात्रभराच्या जागरणानं तिचे डोळे खोल गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ऑफिसचा नंबर होता.

लेकीनं हातातला कपडा खाली ठेवला. ती उठली, खुर्चीपाशी आली आणि बाळाला घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले. तोंडावर नाराजी नव्हती, काही नव्हतं.

काकांनी बाळ दिलं नाही. एका हातानं फोन कानाला लावला. बाई होत्या. काल मधला डबा बसला, कंपनीनं दुसरा पाठवला, तो लावलाही, वाचन कुठे अडलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून फोन केला, बाळ कसं आहे? काकांनी बाळ बरं आहे म्हणून सांगितलं, आणखी दोन गोष्टी ऐकून घेतल्या आणि फोन ठेवला. लेक अजून तशीच हात पुढे करून उभी होती.

"किती वाजता निघताय?" तिनं विचारलं.

"निघत नाही. त्यांचं झालं."

"झालं म्हणजे?"

"माझ्याशिवाय झालं," काका म्हणाले.

लेकीनं हात मागे घेतले. ती थोडा वेळ बापाकडे बघत राहिली, खरं बोलतोय की नाही ते तपासल्यासारखी.

"मग बाबा, मी तासभर झोपू?"

"झोप."

ती आतल्या खोलीत गेली आणि दारही न लावता आडवी झाली. पाच मिनिटांत तिचा श्वास संथ झालेला बाहेर ऐकू यायला लागला. बाळाला तासभर मांडीवर घेऊन बसणं कुणालाही जमलं असतं. तिच्या आईला तर जास्त चांगलं जमलं असतं. पण ते करायला तिनं बापाला सांगितलं होतं, आणि निर्धास्त झोपून गेली होती.