वायरभाऊंची शांतता

वायरभाऊंना गाणं ऐकल्याशिवाय स्वतःचं नावही लिहिता येत नसे. बँकेत खातं उघडायचा फॉर्म भरायला आम्ही एकदा बरोबर गेलो होतो. त्यांनी आधी कानात इअरफोन कोंबले, मोबाइलवर गाणं शोधलं, ते पसंत पडलं नाही म्हणून दुसरं शोधलं आणि मगच ‘संपूर्ण नाव’ या रकान्याला हात घातला. मागे रांग खोळंबली होती. "गाण्याबिगर हातच उठत नाही गा," असं त्यांनी रांगेला समजावून सांगितलं. त्यावर रांगेने त्यांना जे समजावून सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जरीपटक्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही शेजारी बसत असू. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, एक टेबल आणि समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी जिथे मिळते, त्या जागेला अभ्यासिका म्हणतात. मी कळमेश्वरहून तिथे आलो तेव्हा वायरभाऊंनी त्या पाटीखाली सहा वर्षं काढली होती. सगळं जग बिनावायरच्या इअरफोनवर गेलं, तरी यांच्या गळ्यात पांढरी वायर लोंबतच असायची, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त हॉलतिकिटावर छापून यायचं. तेही दरवर्षी, न चुकता.

त्यांचा अभ्यास शास्त्रशुद्ध होता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. इतिहास जुन्या सिनेमाच्या गाण्यांवर, अर्थशास्त्र कव्वालीवर आणि पंचायत राज खंजिरीच्या भजनावर. "भजनाचं तिसरं कडवं आलं का जिल्हा परिषदेचे सगळे अधिकार आठवतात पहा," ते सांगायचे. एकदा त्यांनी सरावाची उत्तरपत्रिका मला तपासायला दिली. चलनवाढीची कारणं लिहिता लिहिता पाचव्या ओळीत चक्क ‘हाय रे हाय’ असं लिहिलेलं होतं. मी त्याला लाल गोल केला. तो न्याहाळून ते म्हणाले, "तिथं गाणं भल्लं रंगात आलं होतं."

माझं सगळंच उलट. मला पंख्याची करकरसुद्धा खपत नसे. एकाग्रता या विषयावर मी तेव्हा कोणालाही, न विचारता, तासभर ऐकवू शकत असे. आणि माझ्या नशिबी हे शेजारी! त्यांचे इअरफोन मनाचे इतके मोठे होते की निम्मं गाणं ते मलाच देऊन टाकायचे. मी घरच्या शेतातला कापूस आणून कानात बोळे घातले. ढोलकी त्यातूनही आत यायची.

"भाऊ, आवाज कमी करा ना. मले काही सुचून नाही राहिलं," मी दिवसातून चारदा म्हणायचो.

"तुले इतकी शांतता पाहिजे असन तर स्मशानघाटावर जाऊन बस गा," ते न रागावता सांगायचे. "पण तिथंही कोणी ना कोणी रडतच असते."

अशी तीन वर्षं गेली. मग वायरभाऊंची वयोमर्यादा संपत आली आणि शेवटचा प्रयत्न उरला. घरी कामठीला वडिलांचे दोन यंत्रमाग होते, त्यातला एक चालवायला माणूस नाही म्हणून बंद. वडिलांनी साफ सांगून टाकलं होतं, यंदा नायब तहसीलदार झालास तर झालास, नाही तर येऊन माग चालव. पूर्वपरीक्षा वायरभाऊ दरवर्षी सहज काढत. मुख्य परीक्षेच्या लेखी पेपरला मात्र दरवर्षी मार खात. आणि याचं कारण अभ्यासिकेतल्या पंख्यालाही ठाऊक होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये गाणं नसतं.

मी ठरवलं, या माणसाचा उद्धार करायचा. इअरफोन लावू न देता, घड्याळ लावून त्यांना तीन तासांचा सराव पेपर लिहायला बसवलं. तीन तासांत अडीच पानं झाली. उरलेला वेळ ते दाराकडे बघत होते.

"काहून लिहिलं नाही?" मी विचारलं.

"मी मागाच्या बाजूले बसून शिकलो गा," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे खटखट चालू असली म्हणजे सगळं ठीक हाये. माग थांबला का समजून जायचं, लाईट गेली, नाही तर सूत संपलं, नाही तर बाबा पडले. शांत झालं का मले भेव वाटते."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी शहाणा नव्हतो, मी फक्त बरोबर होतो. "सवय करा," असं म्हणून मी त्यांच्या गळ्यातली वायर काढली आणि माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवली. तीन महिने रोज सकाळी ते त्या मुक्या टेबलावर लिहायला बसले. आधी अडीच पानं, मग सहा, मग पंधरा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पेपर पूर्ण सोडवला, ‘हाय रे हाय’शिवाय. मी अभ्यासिकेभर असा मिरवलो की जणू माणूस मीच घडवला.

मुख्य परीक्षेचं केंद्र जरीपटक्यातल्याच एका शाळेत आलं, दोघांनाही एकच खोली. पेपर सुरू होऊन तास झाला आणि समोरच्या मंगल कार्यालयाकडे एक वरात निघाली, पुढे डीजे. आमच्याकडची वरात पन्नास पावलं चालायला पाऊण तास घेते. खिडक्यांची तावदानं थरथरू लागली. कोणी कानात बोटं घातली, एक मुलगी रडकुंडीला आली, पर्यवेक्षकांनी शिपायाला वरात थांबवायला पाठवलं. तो बराच वेळ परतला नाही, नाचत असावा.

यातलं बहुतेक मला मागाहून इतरांकडून कळलं, कारण मी खाली मान घालून लिहीत होतो. जादा पुरवणी मागायला हात वर केला तेव्हा कुठे लक्षात आलं की बाहेर एवढा गोंधळ चालू आहे आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. तीन वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्या शेजाऱ्याने मला ढोलकीत लिहायला शिकवून ठेवलं होतं.

मग मी वायरभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. हनुवटी तळहातावर टेकवून, डोळे मिटून, ते बाकावर बोटांनी ठेका धरत होते. तीन महिने उपाशी ठेवलेल्या माणसाच्या दारावरून जेवणाची पंगत जावी, तसं झालं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडलो नाही. पुरवणी घेतली आणि पुढचा प्रश्न लिहायला लागलो.

माझं नाव यादीत आलं. त्यांचं थोडक्यात हुकलं, एका प्रश्नाएवढंच.

अभ्यासिकेच्या मालकाने माझ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स लावला आणि सत्कार ठेवला. भाषणात मी आईवडिलांचे, गुरुजनांचे आणि अभ्यासिकेतल्या शांत वातावरणाचे आभार मानले. होय, शांत वातावरणाचे. टाळ्या पडल्या. कामठीहून मुद्दाम आलेले वायरभाऊ मागच्या खुर्चीवरून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रमानंतर मी त्यांना शेअर ऑटोपर्यंत सोडायला गेलो. आठवडाभर घोकलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "भाऊ, माह्यामुळे तुमचं गेलं."

"तुह्यामुळे काहून? तू बरोबरच सांगत होता. परीक्षेत गाणे कोण लावते?" ते ऑटोत ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसले. मग बाहेर वाकून म्हणाले, "खरं सांगू का, त्या पाऊण तासात भल्लं बरं वाटलं गा. इतक्या वर्षांत परीक्षेच्या हॉलमध्ये मले पहिल्यांदाच भेव नाही वाटलं."

ऑटो कामठीकडे निघून गेला. सत्काराचा हार अजून माझ्या गळ्यातच होता आणि येणारे-जाणारे मला नमस्कार करत होते.