शांतामावशीची उलटी गाठ

आमच्या मोबाइल गेमच्या शेवटी श्रेयनामावली टाकताना मला चावटपणा सुचला. 'हातांची रचना : शांता एकनाथ राऊत, होळी, वसई' असं मी ठोकून दिलं. मावशी माझ्या आईची मैत्रीण. वाडीत पानवेल बांधतानाचे तिचे हात बघूनच मी गेममधल्या बाईचे हात काढले होते. स्वतःचं नाव बघून ती खूश होईल, एवढंच डोक्यात होतं. पुढे एका बड्या गेम कंपनीने आमच्यावर कॉपीराइटचा दावा लावला, आणि वकिलाची नोटीस मावशीच्याही दारात जाऊन पडली.

शेजारच्या कॅथरिनबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी ती वाचून दाखवली. लगेच मावशीचा मला फोन.

"तेज्या, मी काय चोरलं रे?"

आवाज शांत होता, म्हणून मी जास्तच घाबरलो. कॅथरिनबाईंचा नारळ आपल्या वाडीत पडला तर तो त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवणारी ही बाई. वर "तुमचा माड माझ्याकडेच का वाकतो?" असं सुनावूनही यायची.

कंपनीचं म्हणणं असं, की वेल बांधणारे हात त्यांच्या गेममध्ये आधीपासून आहेत. आम्ही तेच चित्र उचललं आणि चोरी लपावी म्हणून डावं-उजवं उलटवलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर खरंच एक आरशातलं वाटायचं. ते नाकारून उपयोग नव्हता.

"नुकसानभरपाई-बिरपाई तुमची तुम्ही बघा," मावशी म्हणाली. "माझ्या नावाला लागलेलं 'चोर' तेवढं काढा."

आमची वकील राधिका मावशीच्या हातांचं चित्रण करायला तिच्या गावी, होळीला आली. मावशी ठेवणीतली साडी नेसून वाडीत उभी, जणू न्यायाधीशच येणार होते. केळीच्या वाळक्या सालीची पट्टी घेऊन तिने एक वेल खांबाला बांधली. राधिकाने फोनमधलं चित्र बघितलं, मग मावशीचे हात.

"तुम्ही उलटं बांधता. नेहमीच?"

"उलटं?" मावशीला ते लागलं. "लग्न झाल्यापासून अशीच बांधते. ह्यांनी शिकवली तशी."

"शिकवताना काका कुठे उभे होते गं?" मी विचारलं.

"समोर. मध्ये वेल. नवं लग्न, सासूबाई विहिरीपाशी बसून बघतायत. शेजारी कोण उभं राहील?"

राधिकाने फोन खाली घेतला. समोरच्याचे हात बघून मावशी शिकली होती. त्यांचा उजवा तो तिचा डावा. सगळी वसई एका बाजूने गाठ मारते, ही एकटी दुसऱ्या बाजूने.

मावशीला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे ह्यांना रोज दिसत होतं," ती म्हणाली. "भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचे. हे मात्र शेवटपर्यंत नाही बोलले."

मग राधिका म्हणाली, "हे कसं घडलं ते करूनच दाखवू. तेजस, तू मावशींच्या समोर उभा राहा आणि शिक."

मी उभा राहिलो. "वेल बांधतोयस की बुटाची नाडी?" एवढं ऐकून घेत, तिच्या हातांकडे बघत एक गाठ मारली. मी सोडून परत बांधणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. उलट्याचं उलट होऊन सरळ पडलेल्या त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"ही ह्यांची," ती म्हणाली. "सोडू नकोस."

ते चित्रण पाहून कंपनीने हातांबद्दलचा आरोप मागे घेतला, आणि मावशीचं नाव दाव्यातून वगळल्याचं लिहून दिलं. कॅथरिनबाईंकडून तिने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. गेममधल्या नाण्यांचा आवाजही आम्ही त्यांचाच उचलला, हा बाकीचा दावा अजून चालू आहे. तो आमचा आम्ही लढू.

मला मात्र शिक्षा झाली. न विचारता नाव छापलं म्हणून वेलींची एक अख्खी ओळ मी बांधायची, तिच्यासमोर उभं राहून. अर्धी बांधून झाली. पुढच्या वेलींचं मी "येत्या रविवारी" म्हणतो, ती म्हणते, "कुठल्या वर्षीच्या, तेवढं सांग." शेजारच्या ओळींतल्या वेली तिने केव्हाच बांधल्या. माझ्या वाट्याच्या तेवढ्या वाऱ्यावर लोंबतायत. त्यांना ती हात लावत नाही.