डोक्याचं नाही, पोटाचं

आत्याचं पोट दुखत होतं. कुणी बघितलं नाही. ती मेली.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोनवर सगळ्यांचं एकच, "सुटली बिचारी."

कशातून सुटली? चांगली जगत होती की!

सुभाआत्या माझ्या वडलांची धाकटी बहीण. तरुणपणी तिला आवाज ऐकू यायला लागले. सासरच्यांनी आणून सोडलं ते सोडलंच. मग बीडच्या एका डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती बरी राहिली. धारा काढायची, डेअरीवर दूध घालायची, फॅट कमी लागली की तिथल्या माणसाशी कडाकडा भांडायची.

गावासाठी मात्र ती कायम 'येडी सुभी'.

दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी उघडली. आमच्या दोन गाई आणि आत्या, तिघी तिथंच राहायला गेल्या. तिथंच तिचं पोट दुखायला लागलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आधी नीट बोलत होते. "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत?"

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, खरं ते सांगितलं.

झालं! हात लावायच्या आधीच निदान.

"अशा पेशंटला भास होतात हो. बीडला मानसिकच्या ओपीडीत दाखवा."

बीडला गेलो. मानसिकचे डॉक्टर म्हणाले, पोटाचं माझ्याकडं कशाला आणलं? सर्जनकडं जा.

सर्जन म्हणाले, आधी मानसिकवाल्यांची चिठ्ठी आणा.

तोवर मानसिकवाले उठून गेलेले. पुढच्या आठवड्यात या.

अरे काय चेष्टा लावलीय? एसटीत पोट धरून, वाकून बसून आलेलं माणूस हाय ते!

परत येताना आत्या मला म्हणाली, "डोक्याचं आलं की मला कळतंय गं. तवा कानात बोलतेत. आता कान गप हायत. पोट दुखतंय. येवढं नीट सांगतीय तरी कावून ऐकनात?"



दोन दिवसांनी छावणीत आमच्या एका गाईनं वैरण सोडली. जनावरांचे डॉक्टर आले, गाडीवरून उतरले, तिचं पोट दाबून बघितलं, सुई टोचली. आत्या दावं धरून उभी.

"सायेब, माझ्याबी पोटाला हात लावा की."

सगळे फिदीफिदी हसले. डॉक्टर ओशाळले. "मावशी, मी जनावरांचा डॉक्टर."

"मंग मला जनावर समजा."



त्याच दिवशी अण्णांनी तिला खाजगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स फुटलेलं, आत सगळा पू. वर तिथले डॉक्टर आम्हालाच झाडतात, "इतके दिवस काय करत होता?"

काय करत होतो? चिठ्ठी आणत होतो, साहेब!

आत्या ऑपरेशन टेबलवरच गेली.

घरात कुणाला सांगितलं नाही, ते इथं सांगते. ती गेल्यापासून मलाही गोळ्या चालू आहेत. झोप लागत नव्हती, रडू थांबत नव्हतं. आता बरी आहे.

परवा छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी लगेच ईसीजी काढला.

जा आत्या. आता तुला कुणाला काही पटवून द्यायचं राहिलं नाही.