मामांचं व्हायबर्नम

फरीदाबादेत राहून सिमल्याच्या हवेत जगणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची काही वर्षं सिमल्याला बदली झाली होती. तिथल्या क्वार्टरच्या दारात व्हायबर्नमचं झुडूप होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला लाडवाएवढे पांढरेशुभ्र गेंद लागायचे. परत यायच्या दिवशी मामी म्हणे त्या झुडपापाशी उभ्या राहून रडल्या, आणि मामांनी सामानाच्या ट्रकसमोरच जाहीर केलं, "चलो, रडू नकोस! तुझ्या दारात हेच फुलवून दाखवतो!"

मग पहाडातल्या नर्सरीतून मांडीवर कुंडी घेऊन ते बसने आले, आणि तेव्हापासून मामांना दुसरा विषय नाही. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलं की कूलर खिडकीत उलटा बसवलेला, तोंड बागेकडे. सगळी गार हवा झुडपाला, आणि आम्ही आत वर्तमानपत्राने वारा घेत गरम चहा पितोय. फ्रिजमधला बर्फसुद्धा मुळांशी जायचा. "जावईबापू, नवं पान आलंय! बिल्कुल सिमल्यासारखं!" असे फोन मी ऐन मीटिंगमध्ये घेतले आहेत. जानेवारीत तर त्यांना उधाणच यायचं. गुलाबांची छाटणी झाली की त्याच जोशात ते व्हायबर्नमही पार भुंडं करून टाकायचे. मार्चमध्ये पानं भरघोस, फूल मात्र एक नाही.

गेल्या जानेवारीत मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मामा त्यांच्या उशाशी बसून राहिले, कात्री कोपऱ्यात पडून राहिली. मार्चमध्ये फोन आला, "या! आत्ताच्या आत्ता या!" मी तसाच धावलो. झुडूप पांढऱ्या गेंदांनी वाकलं होतं आणि मामी वॉकर धरून त्याच्यासमोर उभ्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "यंदा कात्री लागली नाही, तर फुललं बघा. म्हणजे दरवर्षी कळ्या हेच छाटत होते, आणि मी दोष दिला इथल्या हवेला!" दुसरा कोणी ओशाळला असता. मामा टाळ्या पिटत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं कळ्या येत होत्या! ऐकलंत, जावईबापू? येत होत्या!"

मे महिन्यात पुन्हा गेलो. आत पाऊल टाकलं तर गार झुळूक आली. कूलरचं तोंड घरात होतं, मामींच्या पलंगाकडे.

"मामा, आणि झाडाचं काय?"

"ते सोसेल हो," मामा कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले. "हिने पुष्कळ सोसलं."